वाटीतला नमुना

चौतीस वर्षं मी नोकरीत एकच काम केलं. तेल काचेच्या नळीत भरायचं आणि ते खाली उतरेपर्यंत हातात घड्याळ धरून बसायचं. लग्नकार्यात कुणी विचारलं, की तुमचे हे काय करतात, तर वासंती, म्हणजे माझी बायको, सरळ सांगून टाकायची, "तेल बघत बसतात." ती स्वतः इंदुरात, पलासिया भागातल्या एका बँकेत काउंटरवर होती आणि दिवसभर माणसांशी बोलायची. समोरचा हसायचा, मीही हसायचो. पण आतून जरा लागायचं, कारण तिने केलेलं वर्णन अगदी बरोबर होतं.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, पोलिसांकडे तर गोष्टींना तोटाच नसतो. वंगणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतल्या माणसाने काय लिहावं? पण एका वाटीबद्दल मला सांगायचं आहे, आणि ती वाटी समजायला आधी ती काचेची नळी समजावी लागते. तेव्हा थोडा वेळ माझ्याबरोबर तेल बघत बसा.

शाळेच्या पुस्तकात याला श्यानता म्हणतात. आमच्या लॅबमध्ये हा शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आम्ही विस्कॉसिटी म्हणायचो आणि शेडमधले लोक 'गाढापन' म्हणायचे. गोष्ट साधी आहे. कुठलाही द्रव वाहतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. पाण्याचे थर पटकन सरकतात, मधाचे थर एकमेकांना धरून ठेवतात. हे धरून ठेवणं किती, ते मोजायचं. यात लोकांची नेहमी एक गफलत होते. दाट म्हणजे जड असं त्यांना वाटतं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्याहून हलकं आहे. पण दोन्ही ओतून पाहा, तेल आपलं मागून सावकाश येईल.

मोजायची रीतही अवघड नाही. यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी असते, तिचा एक भाग अगदी बारीक आणि वर-खाली दोन रेघा. ही नळी चाळीस अंशांच्या पाण्यात उभी करायची आणि आतलं तेलही चाळीस अंश होईपर्यंत थांबायचं. मग तेल वरच्या रेघेच्या पुढे ओढून सोडून द्यायचं. वरच्या रेघेवर घड्याळ सुरू, खालच्या रेघेवर बंद. प्रत्येक नळीचा स्वतःचा एक ठरलेला आकडा असतो, त्याने सेकंदांना गुणायचं. नळीचा आकडा अर्धा असेल आणि तेलाला दोनशे सेकंद लागले, तर उत्तर शंभर. तेलाच्या घनतेने आणखी एकदा गुणलं की ते ढवळायला किती जोर लागेल तेही कळतं. एवढ्यावर माझं घर चाललं.

सगळी मेख त्या चाळीस अंशांत आहे. तापमान जरासं इकडचं तिकडे झालं तरी सेकंद बदलतात. मे महिन्याच्या दुपारी जे तेल भराभर ओघळतं, तेच जानेवारीच्या सकाळी डब्यातून बाहेर यायला कुरकुर करतं. म्हणून शेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर आमच्यात त्या आकड्याला कुणी विचारत नसे. ही सवय इतकी अंगात मुरली, की लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एकदा वासंतीने केलेल्या चहात थर्मामीटर घातला होता. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, त्याला ताप नाही आलेला."

तेल मिसळायच्या शेडमध्ये मालवीयजी नावाचे फोरमन होते. ते नळीच्या भानगडीत पडत नसत. अंगठा आणि बोटामध्ये तेलाचा थेंब घ्यायचे, दोनदा चोळायचे, बोटं सावकाश दूर करायचे आणि सांगायचे, "थोड़ो पतलो हे, साब." मी लॅबमध्ये जाऊन वीस मिनिटं खपून बघायचो, तर तेल खरंच थोडं पातळ निघायचं. मला ते आवडायचं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, की रजिस्टरमध्ये काय लिहू, अंगठा आणि बोट? ते हसले आणि म्हणाले, "लिखो मत साब, बस सुण लो." मी आकडा लिहिला आणि ऐकायचं राहून गेलं.

आमचे मुख्य केमिस्ट दामले साहेब. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा एका दालमिलच्या मालकाचा फोन आला. इंदुरात दालमिली पुष्कळ, आणि त्यांचे मालक आवाजाने मोठे. "क्या भेजा है तुमने, तेल है कि पानी? गियर बॉक्स चिल्ला रहा है मेरा!" आमच्याकडे पाठवलेल्या प्रत्येक मालाची एक बाटली कपाटात राखून ठेवलेली असे. मी त्या मालाची बाटली काढली आणि एकदा सोडून तीनदा मोजली. सेकंदाचाही फरक नव्हता. कागद घेऊन मी ऐटीत दामले साहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, की ग्राहक खोटं बोलतोय.

साहेबांनी कागद पाहिलाही नाही. "नमुना कुठला?" त्यांनी विचारलं.

"आपल्या कपाटातला, सर."

"त्याचं मशीन आपल्या कपाटात चालतं का?"

मी स्कूटर काढून दालमिलला गेलो. मालक माझ्या नावाने शंख करत होते आणि मी गियर बॉक्सखाली वाकून बाटली भरत होतो. लॅबमध्ये येऊन मोजलं तर सेकंद निम्म्याहून कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि सकाळपासून एका कोपऱ्यात नुसता बसून राहिलो. दुपारी तिथल्या कामगाराने मगमध्ये रॉकेल घेऊन साखळ्या धुतल्या, आणि मग त्याच मगने गियर बॉक्समध्ये तेलाची भर घातली. मगच्या तळाशी राहिलेलं बोटभर रॉकेल रोज तेलात जात होतं. तेल आमचं चांगलंच होतं, आणि मालकही खरं बोलत होते. त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि लवंग घातलेल्या लोंगी शेवेचा एक मोठा पुडा दिला. दामले साहेबांनी त्यातली चिमूटभर शेव खाल्ली आणि म्हणाले, "जिथे दुखतं, तिथला नमुना घ्यावा."

पुढची सगळी वर्षं मी हे वाक्य नव्या पोरांना माझंच असल्यासारखं ऐकवत आलो.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. सकाळची वेळ होती. वासंती पोह्यांवर शेव घालत होती आणि तिच्या हातातून डबा पडला. ती वाकली, पण उजवा हात डब्याकडे जाईना. काहीतरी बोलली, ते शब्दांसारखं होतं पण शब्द नव्हते. मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी बंद झाली होती. त्या सकाळचं आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

जीव वाचला. पाय हळूहळू हलायला लागला, बोलणंही तुटक तुटक परत आलं. गिळणं मात्र गेलं. पाच आठवडे तिच्या नाकातून पोटात एक नळी होती आणि तिच्यातून मी दर दोन तासांनी पेज सोडायचो. आयुष्यभर नळीतून द्रव जाताना बघितला, पण असा नाही. वासंती त्या वेळी डोळे मिटून घ्यायची. चवीने खाणारी बाई, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत एका फेरीत चार दुकानं करणारी, तिच्या जिभेला पाच आठवडे कशाचाच स्पर्श नव्हता.

गिळण्याचे व्यायाम घ्यायला रुचा नावाची मुलगी यायची. जुन्या इंदुरातली, आमच्याकडच्या मुली बोलतात तसं मराठी-हिंदी मिसळून बोलणारी, पण कामात पक्की. तिने मला सगळं समजावून सांगितलं. आपण पितो तेव्हा घशातलं एक दार श्वासनळी वेळेवर बंद करतं. वासंतीचं दार बंद व्हायचं, पण उशिरा. "पाणी कसं, एकदम भागत येतं काका. दरवाजा बंद व्हायच्या आधीच अंदर. गाढी चीज आरामात येते, तर दरवाज्याला टाइम मिळतो."

"म्हणजे विस्कॉसिटी वाढवायची," मी म्हणालो.

"एक्झॅक्टली!" ती म्हणाली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला काहीतरी कळलं होतं.

नळी काढली तेव्हा वासंतीने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "ही... परत नको," ती म्हणाली. मी म्हणालो, "नाही घालू देणार." रुचाने लगेच बजावलं, की पाणीसुद्धा दाट करूनच द्यायचं, पातळ काही बिलकुल नाही. फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होणार आणि नळी परत येणार. दाट करायला एक पावडर दिली आणि मोजायची रीत शिकवली. बिनसुईची दहा मिलीची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालून बोट लावून दहापर्यंत भरायची. बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचं आणि पुन्हा बोट लावायचं. पाणी असेल तर काही उरत नाही. वासंतीसाठी चार ते आठच्या मध्ये उरायला हवं होतं.

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. वाहणारा द्रव, घड्याळ आणि आकडा! मी त्याच दिवशी रजिस्टर आखलं. वेळ, पदार्थ, तापमान, सिरिंजमध्ये उरलं किती, आणि शेवटी शेरा. वासंतीचा चहा कोमट करून द्यायचा होता. मी थर्मामीटर लावून पाहिलं तर तिला सोसेल असं तापमान चाळीसच निघालं. तिला तसं सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला, डावा.

शेऱ्याचा रकाना रुचाच्या दुसऱ्या सूचनेसाठी होता. दर चार-पाच घोटांनंतर काकूंना 'आ' म्हणायला लावा, ती म्हणाली होती. आवाज कोरडा आला तर ठीक. ओला आला, गळ्यात पाणी बोलतंय असा, तर तिथेच थांबायचं आणि मला फोन करायचा. वासंतीने 'आ' म्हणायला साफ नकार दिला. "मी काय... गाणं शिकतेय?" त्याऐवजी ती दर चार घोटांनंतर माझ्याकडे बघून "अहो" म्हणायची. मी लिहायचो, 'अहो, कोरडं.' असे पानभर 'अहो' जमले.

पावडरीचं मात्र जमेना. चहा बुळबुळीत व्हायचा. वासंती म्हणाली, "भेंडी धुतलेलं पाणी." दोन घोट घेऊन वाटी सरकवायची. पाणी पोटात जाईना, ओठ सुकायला लागले. मग मी स्वयंपाकघरात माझी लॅब मांडली. कॉर्नफ्लोअर घेतलं, पाव चमचा, अर्धा चमचा, उकळी किती वेळ, गार किती करायचं. दीड दिवस खपून सिरिंजमध्ये बरोबर सहा उरतील असा चहा केला. खिरीसारखा लागायचा. वासंतीने पहिला घोट घेतला, थांबली, आणि म्हणाली, "हं. चहा." डाव्या हातात चमचा धरून, मला हात लावू न देता, पाऊण तास लावून तिने पूर्ण वाटी संपवली. मी गॅलरीत जाऊन डोळे पुसून आलो.

पावडर बदलण्याआधी मी रुचाला विचारलं नाही. विचारायचं काय? आकडा तोच होता. खरं सांगायचं तर मनात थोडी शेखीही होती, की डब्यातल्या पावडरीपेक्षा आपण चांगलं केलं.

रोज चहा, रोज सहा. चौथ्या दिवशी मी शेऱ्यात लिहिलं, 'शेवटी जरा ओलं.' पाचव्या दिवशी, 'शेवटी ओलं. खोकली.' सहाव्या आणि सातव्या दिवशी, 'वरीलप्रमाणे.' हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. फोन करायचा होता, तो मी केला नाही. पाऊण तास बसून दमते, असं मला वाटलं. शेजारच्या रकान्यात सहा होता ना!

आठव्या दिवशी सकाळी अर्धी वाटी झाली असताना तिला थंडी वाजून आली आणि अंग तापलं. वाटी तशीच टेबलावर टाकून आम्ही दवाखाना गाठला. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरा डाग होता. डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, कुछ तो अंदर जा रहा है. कल सुबह ट्यूब डाल देते हैं, और रिस्क नहीं ले सकते." वासंतीने ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे तोंड केलं.

मी रजिस्टर बरोबर आणलं होतं. रुचा आली तेव्हा तिच्यापुढे उघडून धरलं आणि म्हणालो, की बघ, एकही आकडा चुकलेला नाही. तिने पानं उलटली. "आकडे तर परफेक्ट आहेत काका. मग काकू लास्टला लास्टलाच का खोकतात?"

"दमते."

"होऊ शकतं," ती म्हणाली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

दुपारी वासंतीचे कपडे आणायला घरी आलो. टेबलावर सकाळची वाटी होती, तळाशी निम्मा चहा. ओट्यावर पातेल्यात त्याच चहातला उरलेला होता. आवरावं म्हणून मी आधी पातेलं उचललं. चहा गार होऊन घट्ट बसला होता, तिरकं केलं तरी सावकाश सरकला. मग वाटी उचलली आणि तो चहा असा हिंदकळला, की माझ्या शर्टावर उडाला. मग सिरिंज काढली. पातेल्यातला भरला, दहा सेकंदांत जेमतेम थेंब पडले. वाटीतला भरला आणि बोट काढलं. दहा सेकंद पुरे व्हायच्या आत सिरिंज रिकामी झाली.

चहा एकच, खोली एकच, तापमान एकच. फरक एवढाच, की वाटीत वासंतीचा चमचा होता. तोंडातून वाटीत, वाटीतून तोंडात.

पोळीचा घास खूप वेळ चघळला की गोड लागतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. लाळ पिठूळ पदार्थ तोडते. कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ पिठूळ. दर चमच्यासरशी थोडी लाळ वाटीत जात होती, आणि पाऊण तासात माझा मोजून मापून केलेला दाट चहा वाटीतल्या वाटीत पाणी होत होता. पहिला घोट सहाचा आणि शेवटचा घोट शून्याचा. खात्री करायला मी दुसऱ्या वाटीत पातेल्यातला चहा कोमट करून घेतला, चमचा स्वतःच्या तोंडात घालून त्यात ढवळला, आणि घड्याळ लावून बसलो. पंधरा मिनिटांत तोही पातळ झाला.

नमुना कुठला? पातेल्यातला. पातेल्यातून कोण पीत होतं? दामले साहेब जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या दुपारी ते माझ्या स्वयंपाकघरात उभे होते. आणि रजिस्टर पुन्हा उघडलं तर शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलेलं होतं. तिच्या आवाजाने चार दिवस मला सांगितलं होतं. मी ते शब्दशः उतरवून घेतलं आणि ऐकलं नाही. मी खुर्चीवर बसून मोठ्याने रडलो. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

दवाखान्यात जाऊन मी रुचाला सांगितलं, की पावडर मी बदलली, तुला न विचारता, आणि दोन्ही नमुन्यांची हकिगत सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मला एकदा विचारायला पाहिजे होतं ना." तिने याहून जास्त काही बोलायची गरजच नव्हती. तिच्या पावडरीत डिंकाच्या जातीचा पदार्थ होता आणि लाळ त्याला काही करू शकत नव्हती. तीच ती भेंडी. रुचाच डॉक्टरांकडे गेली, बराच वेळ बोलली. ते म्हणाले, की तीन दिवस तोंडाने काही नाही, सलाइन आणि औषधं. ताप उतरला तर त्या पावडरीवर एकदा बघू, नाहीतर नळी.

वासंतीला मी सांगितलं तेव्हा मान वर करायची हिंमत नव्हती. म्हणालो, "तुझा दोष काही नाही. माझं चुकलं."

तिने विचार केला. "माझीच लाळ?"

"हो."

"आणि तुमचा... आकडा?"

"बरोबर होता."

ती हसायला लागली. आजारपणानंतर प्रथमच, आणि अर्ध्या तोंडाने. हसता हसता तिला खोकला आला, नर्स धावत आली आणि दोघांना रागावली. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. नळी घालायची वेळ आली नाही.

त्यानंतर वासंतीने महिनोन् महिने भेंडी धुतलेलं पाणी मुकाट्याने प्यायलं. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. मी वाट्या लहान केल्या आणि दरवेळी नमुना वाटीतला घ्यायला लागलो, तोही शेवटचा, तिचं पिऊन झाल्यावर. शेऱ्याचा रकाना आकड्याच्या आधी आणला.

एक दिवस ती म्हणाली, "शिकंजी." बाहेरगावच्या लोकांना शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत वाटतं. आमची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, त्यात मठ्ठा, केशर, वेलदोडा. ती मुळातच दाट. रुचाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, की मेवा नको, गाळून, आणि मोजून बघा. मी दुपारी सराफ्यात गेलो. दागिन्यांची दुकानं उघडी होती आणि शिकंजीवाल्याकडे तुरळक गिऱ्हाईक होतं. मी ग्लास घेतला, बाकावर बसलो, खिशातून सिरिंज काढली.

"भिया, ये इंजेक्शन किसको लगाओगे?" गल्ल्यावरच्या माणसाने विचारलं.

आरारूटही पिठूळच, म्हणून मी विचारलं, "इसमें आरारूट तो नहीं डालते?" ते असे दुखावले, की हातातली पळी खाली ठेवली. "अंकलजी, दादाजी के टाइम से दुकान है. आरारूट डालने वाले दूसरे होंगे." मग मी त्यांना वासंतीचं सांगितलं. ते गल्ल्यावरून उठून माझ्याशेजारी येऊन बसले आणि घड्याळ त्यांनी धरलं. थंड असताना सात उरले. ग्लास तळहातांत धरून ती साध्या तापमानाला आणली, तरी पाच. "पास?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पास." त्यांनी स्वतः दोनदा गाळून डबा भरून दिला. चौतीस वर्षांत मला तेलाच्या कुठल्या नमुन्याने इतकं सुख दिलं नव्हतं. घरी वासंतीने चमचाभर तोंडात धरली, गिळली, आणि चार घोटांची वाट न बघताच म्हणाली, "अहो!" कोरडं, एकदम कोरडं.

होळीनंतर तिची पुन्हा तपासणी झाली. गिळताना घसा पडद्यावर दिसतो, तसली. दार आता वेळेवर बंद होत होतं. रुचा म्हणाली, "काका, आज घरी जाऊन काकूंना नॉर्मल चहा द्या. साधा, पातळ. बस, 'अहो' वर लक्ष ठेवा."

मी चहा केला. गाळताना थोडा सांडला. चाळीस अंशांवर आल्यावर सवयीने सिरिंज भरली आणि बोट काढलं. सगळा चहा वाहून गेला. रजिस्टरमध्ये मी शून्य लिहिलं आणि कप तिच्या हातात दिला, आता उजव्या.

ती सावकाश प्यायली. चार घोट. "अहो." कोरडं. आणखी चार. "अहो." कोरडं. मी खुर्ची पुढे ओढून, पेन उघडून, कान देऊन बसलो होतो. पूर्ण कप तिने संपवला, बशीत ठेवला, पदराने ओठ टिपले. शेवटचं 'अहो' राहिलं होतं. ती बोलेना. माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी रुचाला लावायला फोन उचलला.

"अहो," ती म्हणाली. स्वच्छ, खणखणीत, बँकेच्या काउंटरवरचा आवाज. "साखर विसरलात."

रजिस्टरची ती शेवटची ओळ आहे. आकड्याच्या रकान्यात शून्य, आणि शेऱ्यात लिहिलं आहे, 'साखर विसरलो.'